अंधारखोलीतला निवाडा

एकाच निगेटिव्हवरून दोन निरनिराळ्या माणसांनी काढलेले दोन छाप शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. चित्र एकच आहे. ओसरीवर एक आजी बसलेली आहे; पाठीमागे उन्हाने तापलेली पांढरी भिंत. एका छापात तिच्या लुगड्याची चूण न् चूण मोजता येते, भिंतीवरचा पोपडाही दिसतो. पण सारे चित्र राखेतून काढल्यासारखे मंद आणि निर्जीव. दुसऱ्यात चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांना धार आली आहे, डोळे बोलू लागले आहेत. मात्र लुगड्याचा काठ काळ्या शाईत बुडाला आणि भिंत कोऱ्या कागदासारखी रिकामी झाली. यांतले खरे कोणते?

प्रश्न हौशी माणसाच्या रविवारच्या करमणुकीचा वाटेल. बदलीच्या नोकरीत ज्यांची हयात गेली, त्यांच्यापैकी अनेकांच्या सामानात कधीकाळी तीन ट्रे, एक तांबडा दिवा आणि मेटॉल-हायड्रोक्विनोनच्या तपकिरी बाटल्या असत. परगावच्या बंगल्यातील न्हाणीघराच्या खिडकीवर रात्री काळे कापड चढे आणि तेथे हा प्रश्न दर खेपेस नव्याने उभा राही. परंतु त्याचा इतिहास न्हाणीघरापेक्षा पुष्कळ मोठा आहे. याच प्रश्नापायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका मानी कलावंताने आपले सारे प्रतिपादन जाहीरपणे मागे घेतले, आणि पुढे पन्नास वर्षे रसायनज्ञ व कारखानदार त्याला नकळत उत्तर देत राहिले.

छायाचित्रातील अतिशय काळ्या व अतिशय पांढऱ्या भागांमधील अंतर, आणि त्या दोहोंमधल्या छटा एकीपासून दुसरी किती झपाट्याने सुटतात त्याचे मान, यांना धंद्यात कॉन्ट्रास्ट म्हणतात. आपण त्याला उठाव म्हणू. अडचणीचे मूळ असे की, सृष्टीजवळ जितका उठाव आहे तितका कागदाजवळ नाही. भर उन्हातील चुन्याची भिंत आणि तिच्याच सावलीतील उघड्या दाराआडचा अंधार यांच्या तेजात हजारास एक, किंवा त्याहूनही अधिक, असे प्रमाण सहज असू शकते. उलट छापाच्या कागदाचा शुभ्रात शुभ्र भाग त्याच्या काळ्यात काळ्या भागापेक्षा, कागद चकचकीत असला तर, सुमारे शंभर पटच प्रकाश परत फेकतो. निस्तेज पृष्ठाचा कागद असला तर त्याहूनही बराच कमी. हजार रुपयांचा खर्च शंभर रुपयांत बसवावयाचा तर काहीतरी कापावेच लागते. 'मी जे होते तेच छापले' असे म्हणणाऱ्यानेही कापलेले असतेच. आपण काय कापले हे त्याला ठाऊक नसते, इतकेच.

आरंभीच्या काळात हा निवाडा बव्हंशी सूर्याकडे होता. इंग्लंडात टॅल्बटने १८३९ साली आपली कागदी चित्रे लोकांपुढे मांडली, आणि फ्रान्समध्ये ब्लांकार-एव्हरारने १८५० साली अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद प्रचारात आणला. या कागदावर प्रतिमा उमटविण्यास रसायनाची गरज नसे. निगेटिव्ह आणि कागद लाकडी चौकटीत दाबून उन्हात ठेवावयाचे, मधून मधून चौकटीची अर्धी पाठ उघडून पाहावयाचे, आणि चित्र हवे त्याहून किंचित गडद झाले की काढून घ्यावयाचे. या पद्धतीत एक मोठी नैसर्गिक सोय होती. कागदाचा जो भाग आधी काळवंडे, त्यावरचा काळा थरच खालच्या चांदीच्या क्षाराला पुढील प्रकाशापासून झाकून घेई. त्यामुळे सावल्यांचे भाग आपोआप मंदावत आणि तोवर उजळ भागांना रंग भरावयास अवकाश मिळे. म्हणूनच त्या काळच्या निगेटिव्ह मुद्दाम अतिशय उठावदार काढलेल्या असत. आजच्या कागदावर त्या छापावयास गेले तर खडू आणि कोळसा एवढेच हाती लागते.

तरीही छापणाऱ्याच्या हाती एक युक्ती होती. फिकी, दुबळी निगेटिव्ह असली तर चौकट सावलीत ठेवून सावकाश छापावी, म्हणजे उठाव वाढे. फार कडक असली तर ती थेट उन्हात धरावी, म्हणजे उठाव कमी होई. छटांचे सारे नियमन ऊन आणि सावली यांच्या निवडीवर चाले. या बाबतीत आपला देश मागे नव्हता. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळात होते. पुढे इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे व अंदाजपत्रके करणारे लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) नोकरी सांभाळून छायाचित्रणाकडे वळले, आणि अखेरीस ती नोकरी सोडून निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार झाले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हपैकी अडीच हजारांहून अधिक आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. कचेरीतल्या नोकरदाराने फावल्या वेळी हाती घेतलेल्या विद्येचे इतके मोठे फळ क्वचितच पाहावयास मिळते.

सूर्याचा निवाडा मात्र नेहमी न्याय्य नसे. त्या काळची रसायने निळ्या प्रकाशाला फार हळवी आणि हिरव्या-तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. साहजिकच जमिनीचा तपशील येईतो आकाश करपून जाई. छापात त्याच्या जागी कोरा कागद उरे. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास आपल्या प्रसिद्ध सागरचित्रांपैकी काहींत यावर उपाय केला, तो असा की समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी क्षितिजाच्या रेषेवर जोडून एकच छाप काढावयाचा. पाहणारे थक्क झाले. डोळ्यांनी समुद्र आणि ढग दोन्ही दिसतात, मग चित्रातही ते दिसावेत, हा त्याचा आग्रह खरा होता. त्यासाठी केलेली जोडणी मात्र मुळात कधीच एकत्र न आलेल्या दोन क्षणांची होती. खरेपणासाठी खोटेपणा करावा लागतो की काय, ही शंका तेव्हापासून या विद्येच्या पाठीस लागली.

त्या शंकेला टोक आणले पीटर हेन्री इमर्सन (१८५६-१९३६) याने. हा पेशाने वैद्य, वृत्तीने भांडखोर, आणि इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील पाणथळ प्रदेशाचा नितांत प्रेमी. तेथील वेत कापणारे मजूर आणि होड्या यांची त्याची १८८६ सालची प्लॅटिनम कागदावरील चित्रे आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवतात. १८८९ साली त्याने ग्रंथ लिहून प्रतिपादन केले की, छायाचित्रण ही चित्रकलेच्या तोडीची कला होय. त्याच्या प्रतिपादनाचा एक मुख्य आधार हाच होता की, निगेटिव्ह धुताना कलावंत छटांचे परस्परसंबंध आपल्या इच्छेनुसार राखू किंवा बदलू शकतो. जेथे निवड आहे तेथेच कला आहे.

दुसऱ्याच वर्षी त्या आधारावर घाव बसला. तो घालणारे दोघे कलावंत नव्हते, टीकाकारही नव्हते. लँकशरमधील विडनेस या धुराने काळवंडलेल्या गावी सोड्याचा एक कारखाना होता. तेथे फर्डिनंड हर्टर हा स्विस रसायनज्ञ आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हा अभियंता नोकरीस होते. ड्रिफील्डला छायाचित्रांचा नाद. १८७६ च्या सुमारास त्याने मित्रालाही त्यात ओढले. हर्टरला चित्रांपेक्षा चीड आली ती त्यामागच्या अडाणीपणाची. प्लेटीवर प्रकाश किती पाडावा आणि ती किती वेळ धुवावी, हे सारे अंदाजाने चाले; मोजमाप कोणी करीत नसे. कामाचे तास संपल्यावर या दोघांनी मेणबत्तीच्या ठरावीक प्रकाशाखाली प्लेटी धरून, धुऊन, त्यांच्या काळेपणाचे माप घ्यावयास आरंभ केला. ही खटपट वर्षानुवर्षे चालली, आणि १८९० साली रासायनिक उद्योगाच्या एका इंग्रजी नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्यांनी काढलेली वक्ररेषा आज या शास्त्राची वर्णमाला समजली जाते. आडव्या अक्षावर प्रकाशाचे मान, उभ्या अक्षावर प्लेटीचा काळेपणा. रेषा प्रथम सावकाश उचलते, मध्यभागी सरळ चढते आणि माथ्याशी पुन्हा वाकते. मधल्या सरळ चढाचा जो उतार तोच उठाव. प्लेट अधिक वेळ धुतली की चढ तीव्र होतो, कमी धुतली की मंद. परंतु, त्यांनी बजावले, सर्व छटा एकाच हिशेबाने वाढतात. प्रकाश पडण्याच्या क्षणी त्यांच्यात जे प्रमाण ठरले ते धुताना बदलत नाही. एखादी छटा निवडून तेवढीच वाढविणे किंवा दाबणे धुणाऱ्याच्या हाती नाही.

इमर्सनने ते वाचले. माणूस हट्टी खरा, पण प्रामाणिक. १८९१ च्या आरंभी त्याने काळ्या चौकटीची, म्हणजे मृत्युपत्राच्या थाटाची, एक पुस्तिका काढली आणि स्वतःच्या सिद्धांताचे दहन स्वतःच्या हाताने केले. छटांवर ताबा नसेल तर छायाचित्रकाराला कलावंत म्हणण्यास आधार उरत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. असा मागे घेतलेला शब्द वाङ्मयाच्या किंवा कलेच्या इतिहासात विरळाच.

आज मागे वळून पाहता इमर्सनची चूक कोठे झाली ते दिसते. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी जो दरवाजा बंद केला तो निगेटिव्हचा होता. कागदाचा दरवाजा उघडाच होता. किंबहुना त्याची किल्ली त्यांच्याच वक्ररेषेत होती. कारण निगेटिव्हप्रमाणे कागदालाही स्वतःची एक वक्ररेषा असते, आणि चित्र पाहणाऱ्यापर्यंत जे पोचते ते या दोन रेषांच्या संयोगाने. दुसरी रेषा बदलता आली तर पहिलीचा निकाल अपिलात फिरविता येतो.

ही सोय प्रथम बाजारात आणणाऱ्यांत बेल्जियममधून अमेरिकेत गेलेला लिओ बेकलँड प्रमुख होता. पुढे १९०७ साली बेकेलाइट नावाचे कृत्रिम द्रव्य काढून जगप्रसिद्ध झालेला तो हाच. त्याने १८९० नंतरच्या दशकात 'व्हेलॉक्स' नावाचा कागद काढला आणि १८९९ साली आपला कारखाना जॉर्ज ईस्टमनच्या कंपनीला विकला. हा कागद इतका मंद होता की त्यासाठी निराळ्या अंधारखोलीची गरजच नव्हती. गॅसची ज्योत मोठी करून कागदावर प्रकाश पाडावा, मग ती बारीक करून तेथेच कागद धुवावा. त्यामुळेच अशा कागदांना 'गॅसलाइट' हे नाव मिळाले, आणि जे काम धंदेवाईकांच्या गच्चीवर चाले ते सामान्य माणसाच्या माजघरात आले.

ऊन गेले, तशी पूर्वीची ती नैसर्गिक सोयही गेली. धुऊन उमटवावयाच्या कागदाला निगेटिव्हसारखे हवे तितके कमी-अधिक धुणे मानवत नाही. तो जवळजवळ पूर्ण धुवावा लागतो. मध्येच काढला तर काळा रंग मळकट राहतो आणि डाग पडतात. म्हणून कारखान्यांनी एकाच कागदाच्या निरनिराळ्या जाती काढल्या. सौम्य, मध्यम, कडक अशा नावांनी आणि पुढे क्रमांकांनी त्या विकल्या जाऊ लागल्या. कडक निगेटिव्हला सौम्य कागद, दुबळीला कडक कागद असा हा विवाह जुळवावयाचा असे. निवाडा सूर्याकडून निघाला तो आता दुकानातील पाकिटावरच्या आकड्यात येऊन बसला.

पण आकडा पाकिटावर असून भागत नाही. ते पाकीट गावात मिळावे लागते. ज्यांना एकाच जातीच्या कागदावर भागवावे लागे, त्यांनी उठाव बाटलीत शोधला. हायड्रोक्विनोनचा उपयोग ॲबनीने १८८० साली दाखवून दिला होता आणि मेटॉल १८९१ साली बाजारात आले. पहिले कडक, दुसरे सौम्य. रोलंड बीअर्स या अमेरिकनाने दोन वेगळी द्रावणे सुचविली, एकात मेटॉल आणि दुसऱ्यात मुख्यतः हायड्रोक्विनोन. दोहोंचे प्रमाण बदलीत गेले की एकाच कागदातून सौम्यापासून कडकापर्यंत छटा काढता येत. फरक फार मोठा नव्हे, साधारण एका क्रमांकाच्या आसपास; परंतु तेवढ्यानेच पुष्कळदा चित्र तरून जाई.

या दोन रसायनांचे स्वभाव जाणून घेण्याची पाळी आपल्या देशात हवामानच आणी. हायड्रोक्विनोन थंडीला भिते. द्रावण सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ते जवळजवळ काम टाकते आणि सारा भार एकट्या मेटॉलवर पडतो. सिमल्याच्या हिवाळ्यात धुतलेला छाप कारण कळू न देता मवाळ होई तो यामुळे. उलट नागपूरच्या किंवा अलाहाबादच्या मे महिन्यात द्रावणाला २० अंशांवर ठेवण्यासाठी ट्रेखाली बर्फ लावावा लागे. नाहीतर निगेटिव्हवरचा जिलेटिनचा थर फुगून सुटण्याचे भय. म्हणजे बदलीचा हुकूम नुसते गाव बदलीत नसे. तो चित्रातील काळ्यापांढऱ्याचे नातेही बदलीत असे.

या साऱ्या खटपटीवरचा चतुर तोडगा युद्धाच्या धामधुमीत, १९४० साली निघाला. इंग्लंडच्या इल्फर्ड कंपनीतील फ्रँक फॉर्स्टर रेनविक याच्या संशोधनातून 'मल्टिग्रेड' कागद बाजारात आला. एकाच कागदावर दोन प्रकारच्या रासायनिक थरांचे मिश्रण. एक निळ्या प्रकाशाला दाद देणारा, दुसरा हिरव्यालाही. दिव्यासमोर पिवळी काच धरली की निळा प्रकाश अडतो आणि छाप सौम्य उतरतो. जांभळट किरमिजी काच धरली की हिरवा अडतो आणि छाप कडक होतो. पाच पाकिटांचे काम एका पाकिटाने होऊ लागले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चित्राचा एक भाग एका काचेखाली आणि दुसरा भाग दुसऱ्या काचेखाली छापता येऊ लागला. आजीचा चेहरा कडक आणि मागची भिंत सौम्य, एकाच कागदावर! एखादीच छटा निवडून बदलता येत नाही म्हणून इमर्सनने ज्या कलेचे दहन केले होते, ती निवड कागदाने अशी परत आणून दिली. त्यावेळी इमर्सन वारून चार वर्षे झाली होती.

निगेटिव्ह आणि छाप यांच्या नात्याचा पुरा विचार अमेरिकेत अँसेल ॲडम्सने केला. तरुणपणी तो पियानोवादक होण्याच्या मार्गावर होता. म्हणूनच निगेटिव्ह ही संगीताची लिपी आणि छाप हे तिचे गायन, असा दृष्टांत तो देत असे. १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर चंद्र उगवलेला त्याने टिपला. मावळतीचे ऊन कबरीवरच्या क्रुसांवरून सरत होते, प्रकाशमापक सापडेना. तेव्हा चंद्राचे तेज आठवणीने हिशेबात धरून त्याने एकच प्लेट घेतली. पुढची निगेटिव्ह घेण्याआधी ऊन गेले. त्या एका निगेटिव्हवरून पुढे त्याने हजाराहून अधिक छाप काढले, १९४८ साली तिचा पुढचा भाग रसायनाने गडदही केला. आरंभीच्या छापांत आकाशात ढगांच्या फिक्या रेघा दिसतात. वर्षे लोटली तसतसे आकाश काळे होत गेले, इतके की अखेरच्या छापांत चंद्र अथांग काळोखावर एकटा उभा आहे. त्या संध्याकाळी आकाश तितके काळे नव्हते हे ॲडम्सला ठाऊक होते. आपण जे अनुभवले ते छापतो, अशी त्याची भूमिका होती, आणि ती त्याने कधी लपविली नाही.

न लपविणे येथेच सारा फरक पडतो. युजीन स्मिथ हा अमेरिकन वृत्तछायाचित्रकार एकेका छापासाठी रात्रीच्या रात्री जागणारा. डोळ्यांतला पांढरा ठिपका उजळावा म्हणून पोटॅशियम फेरिसायनाइडात बुडविलेला ब्रश छापावरून फिरविणारा. १९५४ साली 'लाइफ' साप्ताहिकात त्याने आल्बर्ट श्वाइट्झर यांच्यावरील चित्रमालिका प्रसिद्ध केली. तिच्यातील पहिल्या चित्राच्या कोपऱ्यात करवतीची मूठ आणि एक हात दिसतो. ते दुसऱ्या निगेटिव्हवरून आणून बसविलेले होते, हे पुढे उघड झाले. डोळ्यांतला ठिपका आणि ही मूठ यांच्यामध्ये एक सीमा आहे. ठिपका निगेटिव्हमध्ये होता, क्षीण होता, म्हणून त्याला वर काढले. मूठ तेथे नव्हतीच. उठाव साक्षीदाराचा आवाज लहानमोठा करतो, त्याच्या तोंडी नवे शब्द घालीत नाही. ही सीमा प्रत्येक वेळी इतकी स्पष्ट नसते हे खरे. पण ती आहे हे विसरले की छायाचित्राची साक्ष संपते.

आपल्याकडे या विद्येला स्वतःचा कागद मिळाला तो हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यामुळे. १९६० साली त्याची स्थापना झाली आणि १९६७ पासून निलगिरीत उटकमंडच्या थंड, धूळविरहित हवेत उत्पादन सुरू झाले. त्याच्या मालाचे नाव 'इंदू'. चांदीच्या क्षारावर चालणाऱ्या धंद्याला चंद्राचे नाव देणारा कोणी रसिक असला पाहिजे. पुढे रंगीत फिल्म आली, मग संगणकी कॅमेरा आला, आणि तो कारखाना बंद पडला. मल्टिग्रेड कागद आजही मिळतो. हौशी मंडळी तो मागवितात आणि न्हाणीघराच्या खिडकीवर काळे कापड लावतात, पण ती थोडी.

हल्ली खिशातला दूरध्वनी चित्र काढतो तेव्हा उठावाचा निवाडा पाहणाऱ्याच्या नजरेस चित्र पडण्यापूर्वीच झालेला असतो. अनेक प्रतिमा एकत्र करून यंत्र सावल्या उजळते, आकाश आवरते; लुगड्याचा काठही दिसतो, भिंतही दिसते. ल ग्रेने दोन काचा जोडून जे साधले ते आता कोणाच्याही हातून, न कळत होते. सोय मोठी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ज्या निवाड्यासाठी इमर्सनने मान खाली घातली आणि रेनविकने कागद घडविला, तो निवाडा आता कोणी केला हे विचारावयास समोर माणूसच नसतो.

म्हणून ते दोन छाप पुन्हा हाती घेऊ. खरे कोणते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा समोरच्या बाजूस नाही. जुने छापणारे कागदाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत टीप लिहून ठेवीत: कागद क्रमांक ३, बारा सेकंद, भिंतीला आणखी सहा, चेहरा हाताने झाकला. आपण काय राखले, काय सोडले आणि कशासाठी, याचा तो शेरा असे. ज्यांचा जन्म कागदपत्रांवर शेरे मारण्यात गेला त्यांना निराळे सांगावयास नको की, निर्णयाइतकेच महत्त्व त्याखालच्या नोंदीला असते. एका छापाने लुगडे राखले, दुसऱ्याने चेहरा; दोहोंच्या पाठीवर टीप असेल तर दोन्ही खरे.